पेटीसोबत द्यायचा कागद

सावद्याला, बसस्टँडमागच्या माडीवर
आम्ही केळी पिकवायच्या खोल्यांसाठी
एक राखाडी पेटी बनवतो.
ती अठरा अंशांवर लक्ष ठेवते, गॅस मोजते,
कमी-जास्त झालं की ओरडते.
तिच्यातला प्रोग्राम मी लिहिला
असं मी सांगत आले.

मग नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं,
आत कुणाचं काय काय आहे, लेखी द्या.

तीन रात्री फाइली उघडत बसले.
माझ्या ओळी निघाल्या अकराशे.
बाकीच्या दोन लाख
कुण्या युहानीच्या, कुण्या बिआत्रिसच्या,
एकाने तर नावाच्या जागी नुसतं टोपणनाव ठेवलेलं
आणि खाली: वापरा, विका, मोडतोड करा,
फक्त ही चार वाक्यं काढू नका.

तीच चार वाक्यं मी काढली होती.
फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून.

आमच्या समाजाच्या भांड्यांच्या खोलीत
भरताच्या पंगतीचं एक पातेलं आहे,
काठावर कोरलेलं: चिंधू तोताराम झोपे, चिनावल, यांजकडून.
कुणीही न्यावं, शिजवावं, भाडं नाही.
एकदा कुणीतरी काठ कानशीने घासला
आणि ते घरचं म्हणून मांडलं.
घासलेली जागा इतकी चकाकायची
की पंगतीत बसलेलं पोरही सांगे
हे चिंधूबाबाचं.

एक तुकडा असा सापडला
ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
मला वाटायचं, लिहिलं नाही म्हणजे मोकळं.
पण कुंपण घातलं नाही म्हणून
कुणाचं शेत गायरान होत नाही.
तो उपटला. त्या जागी स्वतः लिहिलं,
ओबडधोबड, पण माझं.

आणि एक, पेटीच्या ऐन काळजातला.
त्याचा परवाना मी दोनदा वाचला, मग उभी राहून तिसऱ्यांदा.
बाबा सांगत, आमच्या बागेचा पहिला कंद
ज्याने फुकट दिला त्याची अट एकच:
घड तुझे, भाव तुझा, ट्रक तुझा,
पण ज्याला केळी विकशील
त्याने कंद मागितला तर नाही म्हणायचं नाही,
आणि देताना हीच अट त्याला घालायची.
म्हणजे माझ्या अकराशे ओळीसुद्धा.
ज्यात एका आकड्याचं नाव मी
'तापमान_शेवटचं_खरंच_शेवटचं' ठेवलंय.

लीलाधरभाऊ म्हणाले, "कोन उघडून पाह्यते वं, हर्षले?
पेटीले स्क्रू आहेत."
"स्क्रू आहेत म्हणजे उघडतेच ना, भाऊ."
ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी कागद छापायला
स्वतःच रिम घेऊन आले,
आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, हमीपत्राच्या खाली,
बारीक अक्षरांची सहा पानं जाऊ लागली.
कोण वाचणार, असं दोघांनाही वाटत होतं.

वाचली मुबारक तडवीने.
पालच्या बाजूचा, रावेरला खोल्या दुरुस्त करतो.
पोस्टकार्डाएवढा मेल:
कागदावर लिहिलंय की मागितलं तर मिळेल.
मी मागतो आहे.

भाऊंनी मेल दोनदा पाहिला.
"आपली मेहनत..." एवढंच म्हणाले,
मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

पाठवण्याआधी माझ्या फाइलींच्या माथ्यावर
मी पहिल्यांदाच माझं नाव टाकलं, साल टाकलं,
खाली ती अट, जशी मिळाली तशी.
त्या आकड्याचं नाव बदलावंसं वाटलं.
नाही बदललं.

एकाहत्तर टक्क्यांवर लाईट गेली.
खाली कुणीतरी ट्रकात घड भरत होतं, मोजत होतं,
मेचा उकाडा खिडकीत उभा.
भाऊंनी मोबाइलची बॅटरी लावली
आणि टेबलावरची सहा पानं उचलून
पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले,
अडखळत, एकेक नाव.
"युहानी... बि-आत्-रिस...
हे बाई आहे का मानूस?"
माहीत नाही, म्हटलं.
"बरं," म्हणाले,
आणि पुढचं वाचलं.